हॅटकाकांची नऊ गाणी

मिशिगनमधल्या ट्रॉय गावच्या मराठी लोकांना हॅटकाका पार्किंग लॉटच्या दुसऱ्या टोकावरूनही ओळखू येत. टेक्सासच्या हायवेवरच्या कुठल्याशा दुकानातून आणलेली त्यांची तपकिरी काउबॉय हॅट डोक्याला दोन बोटं मोठी होती. ती कानांवर घसरू नये म्हणून आत वर्तमानपत्राची घडी घातलेली असे. बायकोला हळदीकुंकवाला सोडायला जाताना हॅट, देशी दुकानात कढीपत्ता निवडताना हॅट. एका सत्यनारायणाला तर ते हॅट घालूनच पाटावर बसले. एरवी सॉफ्टवेअरमध्ये असणारे आमचे वीकएंडचे गुरुजी म्हणाले, "काका, डोकं झाकलेलं चालतं, पण देवाला तुमचं तोंड दिसत नाहीये." काकांनी हॅट दोन इंच मागे सरकवली. काढली नाही.

काका मूळचे यवतमाळचे. डेट्रॉइटच्या एका गाड्यांच्या कंपनीत त्यांनी तीसेक वर्षं ब्रेक तपासले. आयुष्यभर गाड्या थांबवण्याचं काम केलेल्या या माणसाला बोलायला लागल्यावर थांबणं मात्र कधी जमलं नाही. लॅबमध्ये त्यांच्याबरोबर अर्ल नावाचा केंटकीचा एक म्हातारा होता. जेवणाच्या सुट्टीत तो गिटार काढून आपला ट्रक, आपला कुत्रा आणि सोडून गेलेल्या दोन बायका यांच्यावर स्वतः रचलेली गाणी म्हणायचा. काकांना वाटलं, हे आपल्यालाही जमेल. अर्लने त्यांना तीन कॉर्ड शिकवल्या आणि चौथी शिकवायच्या आत तो रिटायर झाला. काकांची पुढची सगळी कारकीर्द त्या तीनांवरच उभी राहिली. "कंट्री म्युझिकला जास्त लागत नाही, संपादक," ते मला सांगत. मंडळाचा दिवाळी अंक मी एकदाच काढला होता, तेव्हापासून मी त्यांचा संपादक. "जास्त लागतं ते शास्त्रीयला. तिथे लोक तासभर आ करतात आणि गोष्ट सांगतच नाहीत."

गोष्ट सांगायची तर ती हवी. काकांकडे ट्रक नव्हता, कुत्रा नव्हता, आणि बायको सोडून गेलेली नव्हती. पण ती बोलत होती, आणि काकांचं नशीब म्हणजे काय बोलत होती!

विमलकाकू भाजी चिरताना बोलत. ऐकायला कुणी असलंच पाहिजे असं नव्हतं. एकदा भारतातून येताना विमानतळावर कस्टमच्या माणसाने त्यांची लोणच्याची बरणी काढून घेतली. त्या मराठीत त्याला म्हणाल्या, "नेता तर न्या बाप्पा, पण भाताशी खा. नुसतं खाल तर तोंड पोळेल." घरामागच्या डेकवर त्यांनी साड्या वाळत घातल्या म्हणून सोसायटीकडून तक्रारीचं पत्र आलं. पत्र वाचून काकू म्हणाल्या, "या देशात घाण झाकून ठेवली तर चालते. धुतलेलं बाहेर दाखवलं की नोटीस." आणि रात्रभर बर्फ पडल्यावर जानेवारीतल्या एका सकाळी: "यवतमाळला दारापुढे रांगोळी घालायची. इथे आधी दार शोधायचं."

काकू असं काही बोलल्या की डायनिंग टेबलाशी गिटार घेऊन बसलेले काका टुणकन उठत. खिशातून किराण्याची जुनी पावती काढायची, पाठीमागे काहीतरी खरडायचं, आणि ओरडायचं, "सुचलं!" पुढच्या शनिवारी कुणाच्या तरी बेसमेंटमध्ये ते नवं गाणं म्हणत:

कस्टमवाल्या भाऊ रे, लोणच्याला लावलास हात,
कुत्रं तुझं हुंगून गेलं, त्याला वाढ आता भात.

लोक हसून हसून लोळत. मग काका हॅट मागे सरकवून सांगत, "मला ना, गाणं भाजी चिरताना सुचतं." भाजी चिरत काकू. सुचे काकांना. पाच-सात वर्षं हे मी डोळ्यांनी पाहत होतो आणि प्रत्येक वेळी टाळ्या वाजवत होतो. कुणाच्या घरी जेवून वर त्याला खरं सुनावण्याची आमच्याकडे पद्धत नाही.

रिटायर झाल्यावर काकांनी अल्बम काढायचं ठरवलं. एका दातांच्या डॉक्टरांनी हौसेने आपल्या बेसमेंटमध्ये स्टुडिओ केला होता. तिथे नऊ गाणी रेकॉर्ड झाली. ती नुसती ऑनलाइन टाका, असं सगळ्यांनी सांगितलं. "अल्बम हातात धरता आला पाहिजे," काका म्हणाले आणि त्यांनी पाचशे सीडी काढल्या. ट्रॉयमधल्या मराठी घरांत तेव्हा सीडी लावायचं यंत्र माझ्या माहितीप्रमाणे एकच उरलं होतं, आणि ते काकांच्या जुन्या गाडीत होतं. मुखपृष्ठावर काका गव्हाच्या शेतात उभे होते. हॅट, गिटार, तोंडात काडी. खाली मोठ्या अक्षरांत: शब्द, संगीत, गायन, मधुकर. आत आभारांची यादी. प्रमुख पाहुण्यांचे आभार, मंडळाच्या सोळा पदाधिकाऱ्यांचे नावानिशी आभार, दातांच्या डॉक्टरांचे आभार, अर्लचे आभार, "आणि माझी अर्धांगिनी." नाव न घातलेलं तेवढं ते एकच माणूस.

प्रस्तावना मी लिहिली. असल्या प्रस्तावनांची मी आयुष्यभर टिंगल केली आहे. त्यात वापरलेलं एकही विशेषण लेखकाला खरं वाटत नसतं आणि पुढचं पान कुणी उलटत नसतं, हे माझं जुनं मत. पण काकांनी समोर गरम साबुदाणावडे ठेवले होते (तळलेले अर्थातच काकूंनी) आणि म्हणाले, "तू लिही. वजन येईल." मी लिहिलं: 'मधुकरकाका हे आपल्या गावाचे शब्दप्रभू आहेत.' पुढे मातीचा सुगंधही होता. काकू वडे वाढता वाढता माझ्या खांद्यावरून वाकून वाचत होत्या. म्हणाल्या, "छान आहे. कोण हे?"

मी हसलो. काकाही हसले. काकू चटणी आणायला गेल्या.

प्रकाशन एका शनिवारी दुपारी शाळेच्या सभागृहात झालं. आमच्या मंडळाला कुठलीही गोष्ट दीपप्रज्वलनाशिवाय सुरू करता येत नाही, आणि शाळेच्या फायर अलार्ममुळे दीप पेटवता येत नाही. म्हणून पाच जणांनी गंभीर चेहऱ्यांनी बॅटरीवरच्या समईचं बटण दाबलं. प्रमुख पाहुणे रिटायर झालेले हृदयाचे डॉक्टर होते. अल्बम त्यांनी ऐकलेला नव्हता. त्यामुळे ते मराठी भाषेच्या भवितव्यावर चाळीस मिनिटं बोलू शकले. पहिल्या रांगेत त्यांचा नातू बसला होता. आजोबा 'संस्कार' या शब्दावर तिसऱ्यांदा आले तेव्हा त्याने आईला विचारलं, "मॉम, इज ही स्टक?"

मग गाणी झाली. आठ गाण्यांना सभागृह हसलं. नववं गाणं सुरू झालं तसं हसू थांबलं.

ते खिडकीचं गाणं. लग्न करून आलेली एक बाई, मिशिगनचा पहिला हिवाळा, नवरा सकाळी गाडी घेऊन गेलेला. बाईला ड्रायव्हिंग येत नाही, शेजार नाही, भाषा नाही. ती दिवसभर खिडकीत उभी असते, कारण दुपारी एक माणूस दारापर्यंत येतो.

पोस्टमन रोज येई दारी, वाची दाराचा आकडा,
नाव माझं विचारायला रस्ता पडे वाकडा.

काका वाईट गात. वरच्या सुरात त्यांचा आवाज त्यांनीच नापास केलेल्या ब्रेकसारखा करकरे. तरी माझ्या बाजूला बसलेल्या सत्तरीच्या बाई पदर तोंडाशी धरून रडत होत्या. हॉलमधल्या अर्ध्या बायका कधी ना कधी त्या खिडकीत उभ्या राहिल्या होत्या. आणि गाणारा? तो तर सकाळी गाडी घेऊन गेलेला होता. काकांनी डोळे मिटून शेवटची ओळ दोनदा म्हटली, हॅट छातीशी धरली आणि उठून उभ्या राहिलेल्या लोकांना वाकून नमस्कार केला. माणूस स्वतःच्या दुःखावर इतका खूश झालेला मी क्वचितच पाहिला आहे. आणि हे तर स्वतःचंही नव्हतं.

नंतर सूत्रसंचालक बाईंनी काकूंना स्टेजवर बोलावलं. प्रत्येक यशस्वी पुरुषामागे खंबीरपणे उभी असलेली वगैरे झालं. पुष्पगुच्छ झाला. मग माइक पुढे करून त्या म्हणाल्या, "काकू, दोन शब्द!"

काकूंनी माइककडे पाहिलं. "अजून दोन?" त्या म्हणाल्या. "मघापासून तासभर माझेच तर ऐकताय."

सभागृह कोसळलं. बायको बोलते आणि नवरा ऐकतो, या विनोदावर आमची मंडळी कधीही हसायला तयार असतात. प्रमुख पाहुण्यांनी मांडीवर थाप मारली. त्या चारशे लोकांत, काकू खरं बोलल्या हे तिघांना ठाऊक होतं. एक त्या स्वतः, दुसरे काका. तिसरा, प्रस्तावना लिहिणारा, पहिल्या रांगेत बसून इतरांसारखाच हसत होता.

परतताना माझ्या गाडीची बॅटरी थंडीने गेलेली निघाली, म्हणून काका-काकूंनी मला त्यांच्या गाडीत घेतलं. मागच्या सीटवर मी, मांडीवर पुष्पगुच्छ आणि हॅट. काकांनी गाडी सुरू करताच अल्बम आपोआप वाजायला लागला. काकूंनी तो बंद केला.

"तू असं का बोललीस?" काका म्हणाले.

"खोटं बोलले?"

"लोक हसले."

"तुमच्या गाण्यांनाही हसतात की. तेव्हा तर बरं वाटतं."

काका सिग्नलला थांबले. हिरवा झाला तरी थांबून राहिले. मग म्हणाले, "विमल, बोलणं वेगळं आणि गाणं वेगळं. तू नुसतं बोलतेस. सुचतं मला. बोलतं काय, सगळं जग बोलतं."

"मग सगळ्या जगाचं लिहा ना. माझंच कायले लिहून घेता?"

मागच्या गाडीने हॉर्न दिला. काकांनी गाडी पुढे घेतली. मी पुष्पगुच्छावरचा प्लॅस्टिकचा कागद वाजू नये म्हणून हात स्थिर ठेवून बसलो होतो. माझ्या घराचं वळण आलं तेव्हा काकू काचेतून बाहेर बघत म्हणाल्या, "आठ घ्या तुम्ही. लोणचं घ्या, बर्फ घ्या. ते एक माझं होतं."

मी थँक्यू म्हणून उतरलो. दुसरं काही म्हणायला हवं होतं, हे मला गॅरेजचं दार खाली येईपर्यंत कळत होतं. नंतर मी ते विसरलो.

अल्बमचं पुढे काय झालं ते सांगतो. ऐंशी-नव्वद लोकांनी प्रेमाने सीडी नेल्या. त्या वाजवणार कशावर? पण चकचकीत तबकडी दोऱ्याने टांगली की पक्षी टोमॅटोला चोच लावत नाहीत, हा शोध त्या उन्हाळ्यात कुणाला तरी लागला. ऑगस्टपर्यंत ट्रॉयमधल्या निम्म्या मराठी परसांत हॅटकाका वाऱ्यावर फिरत राखण करत होते. बाकीच्या सीडी त्यांच्या गॅरेजमध्ये खोक्यांत होत्या.

दिवाळीच्या सुमारास तिकडे पश्चिम किनाऱ्यावर, सनीव्हेलला, त्यांच्या मुलीला बाळ झालं, आणि आपल्याकडच्या रीतीप्रमाणे काकू सहा महिन्यांसाठी तिकडे गेल्या. काका मागे राहिले. घर बघायचं होतं, ड्राइव्हवेवरचा बर्फ काढायचा होता, आणि मुख्य म्हणजे दुसरा अल्बम करायचा होता. संक्रांतीच्या कार्यक्रमात त्यांनी तो माइकवरून जाहीरही करून टाकला.

फेब्रुवारीत त्यांनी मला नवी गाणी ऐकायला बोलावलं. ओट्यावर फ्रोझन पराठ्यांची रिकामी पाकिटं होती. काकांनी हॅट चढवली, गिटार लावली आणि सुरू झाले:

सह्यगिरीच्या कुशीत माझी अस्मिता ही नांदते,
परदेशाच्या तिमिरी ज्योत संस्कृतीची तेवते.

असली तीन कडवी होती. तिसऱ्यात इतिहासही आला. या माणसाने सह्याद्री पाहिला असेल तर विमानाच्या खिडकीतून. प्रमुख पाहुण्यांना हे गाणं फार आवडलं असतं.

"कसं वाटलं?" काकांनी विचारलं.

मी त्या दिवशी जेवलेलो नव्हतो, कदाचित म्हणून विचारलं, "काका, हे कोण बोललं?"

"म्हणजे?"

"भाजी चिरताना हे कोण बोललं?"

मला वाटलं, आता ते चिडतील. ते उठले आणि आतून बिस्किटांचा निळा पत्र्याचा डबा घेऊन आले. असल्या डब्यात प्रत्येक घरी सुईदोरा असतो. यात पावत्या होत्या. शेकडो. लोणचं, बर्फ, साड्या, पोस्टमन, सगळे एकेका पावतीच्या पाठीवर. आणि प्रत्येकीच्या उजव्या कोपऱ्यात, बारीक, सरळ, इंजिनिअरच्या अक्षरात: 'वि. म्हणाली.' खाली तारीख.

"लॅबची सवय," काका म्हणाले. "अर्लचा नियम होता. ब्रेकची करकर पहिल्यांदा ज्याला ऐकू आली, त्याचं नाव कोपऱ्यात टाकायचं. नंतर रिपोर्ट कुणीही लिहो, मोठा साहेब लिहो. कोपऱ्यातलं नाव खोडायचं नाही."

"मग अल्बमवर का नाही टाकलंत?"

त्यांनी हॅट काढून टेबलावर ठेवली. आतली वर्तमानपत्राची घडी बाहेर पडली. हॅटशिवाय त्यांचं डोकं मी पहिल्यांदाच इतकं जवळून पाहत होतो. कपाळावर तिचा लाल वळ होता.

"अल्बम म्हणजे लॅब नाही ना रे," ते म्हणाले. "तिथे माणसाला जरा मोठं दिसावंसं वाटतं."

हे वाक्य त्यांचं स्वतःचं होतं. मी ते कोपऱ्यात नाव घालून इथे देतो आहे.

मग त्यांनी सनीव्हेलला फोन लावून स्पीकरवर टाकला. "विमल, काहीतरी बोल ना."

"काय बोलू? बाळाचं डायपर बदलतेय."

काकांचा हात सवयीने खिशाकडे गेला. तिथेच थांबला. "लिहून घेऊ का?" त्यांनी विचारलं.

पलीकडे डायपरची पट्टी चिकटवल्याचा आवाज आला. "विचारताय होय," काकू म्हणाल्या. "घ्या. पण आधी जेवलात का ते सांगा."

दुसरा अल्बम निघाला नाही. मुलीने आई-वडिलांना तिकडेच राहायला बोलावलं, आणि त्याच वसंतात काकू परतल्या त्या घर आवरायला. आवराआवर करायला मीही गेलो होतो. ट्रक दुसऱ्या दिवशी येणार होता. काकांनी मला गॅरेजमध्ये नेलं आणि सीडीचं एक खोकं उघडलं.

मुखपृष्ठावर तेच गव्हाचं शेत, तीच काडी. पण 'शब्द, संगीत, गायन' यातल्या 'शब्द'वर काळ्या मार्करने रेघ होती आणि वर हाताने लिहिलं होतं: 'शब्द: विमल.' आत 'अर्धांगिनी' खोडलेलं. नवव्या गाण्याखाली आणखी एक ओळ: 'ही हकीकत तिची.' मी दुसरी सीडी काढली, दहावी काढली, तळाची काढली. सगळ्यांवर.

"उरलेला सगळा हिवाळा गेला," काका म्हणाले. "तिला आल्या आल्या दाखवलं. म्हणाली, जरा ठळक लिहायचं, गाडीत चष्म्याशिवाय कोण वाचणार? मग पुन्हा सगळी गिरवली."

ऐकणार कोण होतं? गॅरेजमध्ये बसून, कुणाच्याही यंत्रात न बसणाऱ्या सीडींवर हा माणूस दोन-अडीच महिने नाव गिरवत होता. इतका निरुपयोगी उद्योग मंडळानेही कधी केला नसेल. मी तसं म्हणणार होतो, पण काकांनी खिशातून मार्कर काढून माझ्यापुढे धरला.

"तुझी प्रस्तावना राहिली आहे."

"माझी?"

"शब्दप्रभू. ते मी खोडलेलं नाही. ते माझं लिखाण नाही." त्यांनी टोपण काढून मार्कर माझ्या हातात दिला. "तुला तर तेव्हाच माहीत होतं, संपादक."

मी खोक्यांकडे पाहिलं. "सगळ्यांवर?"

"चारशे बारा आहेत. खुर्ची आणू का?"

खुर्च्या बांधून झाल्या होत्या. मी 'किचन' असं लिहिलेल्या एका खोक्यावर बसलो. पहिल्या सहा-सात सीडींवर मी न बघताच रेघ मारली. मागे काकू चहा घेऊन कधी येऊन उभ्या राहिल्या ते कळलं नाही.

"वाचून खोडा हो," त्या म्हणाल्या. "तेवढंच कुणीतरी वाचलेलं होईल."

मग मी वाचून खोडायला लागलो.